आजाऱ्याच्या रक्तातले जीवनसत्त्व



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला पत्र धाडले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, मी किमान वेतनावर नाहीतर कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलेन. मी उलट टपाली कळवले की, यंदा मला जीवनसत्त्वांवर बोलायचे आहे. त्यांना आश्चर्य वाटले असणार, पण त्यांनी नकार दिला नाही, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो.

मी डॉक्टर नव्हे. माझी शाळा नववीत सुटली आणि पुढचे काय ते शिक्षण रात्रपाळी संपल्यावर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. मात्र कामगार संघटनेच्या कामात एक विद्या मला शिकावी लागली, ती म्हणजे मालकाचा ताळेबंद वाचणे. बोनसच्या वाटाघाटीत मालक एक आकडा पुढे करतो आणि म्हणतो, पाहा, तिजोरीत शिल्लक नाही. अशा वेळी नवखा कार्यकर्ता रडकुंडीला येतो. मुरलेला कार्यकर्ता विचारतो, शिल्लक खरोखर संपली आहे, की दुसऱ्या खात्यात सरकवली आहे? आज मी तुमच्यापुढे मांडणार आहे ते एवढेच, की हाच प्रश्न आजाऱ्याच्या रक्ततपासणीच्या कागदालाही विचारावा लागतो, आणि तो न विचारल्यामुळे गरीब माणसाचे पैसे आणि कधी कधी प्राणही गेले आहेत.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो करोनाच्या साथीत. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे आपण सर्वांनी काढली आहेत, त्यांचे वर्णन मी करीत बसत नाही. आमच्या भागातल्या एका कारखान्याने, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, कामगारांना एक पाकीट वाटले. पाकिटात क जीवनसत्त्वाच्या चघळायच्या गोळ्या, जस्ताच्या गोळ्या आणि ड जीवनसत्त्वाची पुडी. पाकीट घेताना रजिस्टरवर सही घ्यायची, की प्रतिबंधक उपाय पोचला. त्याच आठवड्यात आम्ही तीन मागण्या घेऊन गेलो होतो. तापाने आजारी पडणाऱ्याला पगारी रजा द्या, खात्याच्या बंद खिडक्या उघडा किंवा हवा बाहेर फेकणारे पंखे बसवा, आणि जेवणाची सुट्टी एकदम न देता टप्प्याटप्प्याने द्या. सूत तुटू नये म्हणून माग खात्यात हवा दमट ठेवतात आणि त्यासाठी खिडक्या लावून घेतात, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. हवेतून पसरणाऱ्या रोगाला याहून सोयीची जागा कोणती? आम्हाला उत्तर मिळाले की, पाकिटे दिली आहेत. रजा न मिळाल्यामुळे अंगात ताप घेऊन माणसे मागावर उभी राहिली. मी त्या पाकिटाकडे पाहिले आणि ठरवले की, याचा हिशेब एकदा मुळापासून वाचायचा.

आता मूळ विषयाकडे वळू.

बोटात काटा रुतला की ते बोट लाल होते, गरम होते, सुजते आणि ठणकते. या चार गोष्टी मिळून जे होते त्याला वैद्यकात दाह म्हणतात. दाह म्हणजे शरीराचा बंदोबस्त. रक्तवाहिन्या सैल होतात, पांढऱ्या पेशी तिकडे धावतात, परक्या जंतूला घेरतात. बोटापुरता हा बंदोबस्त सोसतो. पण विषाणू फुप्फुसात शिरला आणि तोच प्रकार दोन्ही फुप्फुसांत सुरू झाला, म्हणजे जिथे हवा असायची तिथे पाणी आणि पेशींचा गाळ साठतो. करोनाच्या पुष्कळ रोग्यांत असे दिसले की, पहिला आठवडा तापाचा जातो आणि दुसऱ्या आठवड्यात, विषाणूचा जोर ओसरू लागला असतानाच, श्वास कोंडतो. तेव्हा माणसाला मारतो तो पुष्कळदा विषाणूपेक्षा अनावर झालेला दाह. दंगल शमल्यावरही लाठीमार चालूच राहावा, तसे.

हा दाह मोजता येतो. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात एक प्रथिन सापडले. रोगी बरा झाला की ते नाहीसे होई. आज तपासणीच्या कागदावर ‘सीआरपी’ अशी जी तीन अक्षरे छापून येतात ती त्याचीच. हे प्रथिन यकृतात तयार होते आणि जबर दाहात एकदोन दिवसांत शेकडो पटींनी वाढते.

इथे मला यकृताबद्दल थोडे सविस्तर सांगू द्या, कारण सगळी मेख तिथेच आहे. यकृत हा शरीरातला सर्वांत मोठा कारखाना. शांततेच्या काळात तो नाना प्रकारचे माल काढतो. त्यांत काही प्रथिने हमालांसारखी असतात. अ जीवनसत्त्व यकृताच्या गोदामात साठवलेले असते, पण ते आपल्या पायांनी चालत डोळ्यापर्यंत किंवा फुप्फुसापर्यंत जात नाही. त्याला पाठीवर घेऊन रक्तातून नेणारे एक खास प्रथिन लागते आणि तेही यकृतच बनवते. ड जीवनसत्त्वाला वाहून नेणारे प्रथिनही यकृतातलेच. आता दाहाची वर्दी आली की यकृत आपल्या पाळ्या बदलते. सीआरपीसारखा युद्धसाहित्याचा माल जोरात निघू लागतो आणि हमाल बनवायचे काम मंदावते. हमाल कमी, म्हणजे रस्त्यावर दिसणारी पोती कमी. रस्त्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला, म्हणजे रक्त तपासणाऱ्याला, वाटते की गोदामच रिकामे झाले. गोदाम अर्धे भरलेलेही असू शकते.

याचा साधा पुरावा पाहायचा तर विषाणूचीही गरज नाही. गुडघ्याचा सांधा बदलण्यासाठी जे लोक इस्पितळात दाखल होतात त्यांचे रक्त शस्त्रक्रियेआधी आणि नंतर तपासून पाहिले गेले आहे. शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांत सीआरपी उसळते आणि ड जीवनसत्त्वाची पातळी चांगलीच उतरते. दोन दिवसांत कोणी त्यांचे ऊन काढून घेतले नव्हते की जेवण बदलले नव्हते. बदलला तो फक्त दाह.

पण म्हणून कमी दिसणारे प्रत्येक जीवनसत्त्व हा केवळ दाहाचा देखावा, असे कोणी समजू नये. तोही मालकाचाच डाव ठरेल. खरोखरीची उपासमार असते, आणि ती भरून काढली की माणूस वाचतो. आमच्या मुंबईचेच उदाहरण घ्या. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बाया भयंकर पांडुरोगाने मरत होत्या. बाईंनी जंतू शोधले, विष्ठा तपासली, मग त्यांच्या जेवणाकडे पाहिले. शेवटी मार्माइट नावाचे यीस्टचे स्वस्त सत्त्व दिल्यावर त्या बाया उठून बसल्या. १९३१ साली त्यांनी ते छापले. दहा वर्षांनी त्यातला घटक वेगळा काढला गेला आणि आज तो फोलिक आम्ल म्हणून प्रत्येक गरोदर बाईला देतात. गिरणगावातल्या बायांच्या रक्तावर जगाला लागलेला हा शोध, पण गिरणगावात तो किती जणांना ठाऊक आहे? असो. तो विषय साथीचा नव्हे, मी केवळ एवढ्यासाठी सांगितला की, खरी तूट आणि दिसणारी तूट यांतला फरक मनात पक्का व्हावा.

मग हा फरक कळायचा कसा? रक्ताच्या कागदावरून तो कळत नाही. कळतो तो एकाच मार्गाने, देऊन पाहायचे आणि मोजायचे. आणि मोजायचे तेही इमानदारीने. कोणाला औषध द्यायचे हे डॉक्टरने आपल्या मर्जीने ठरवले, तर जे तगडे दिसतात त्यांना तो नकळत पुढे करतो. म्हणून चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना औषध, निम्म्यांना दिसायला तशीच पण आत औषध नसलेली पुडी, आणि कोणाच्या वाट्याला काय आले ते हिशेब पुरा होईपर्यंत कोणालाही कळता कामा नये.

या कसोटीवर उतरलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे गोवर आणि अ जीवनसत्त्व.

गोवर आपल्याकडे घराघरात माहीत. कडुनिंबाच्या डहाळ्या टांगायच्या, फोडणी द्यायची नाही, मुलाला अंधाऱ्या खोलीत निजवायचे. लोक त्याला किरकोळ समजत, पण कुपोषित मुलाच्या बाबतीत तो काळच. गोवराचा विषाणू नाक, घसा, फुप्फुस, आतडी आणि डोळे यांचे आतले अस्तर खरवडून टाकतो. आणि हे अस्तर पुन्हा विणायला जो कच्चा माल लागतो, तो म्हणजे अ जीवनसत्त्व. त्याच वेळी मूल जेवत नाही, त्याला हगवण लागते, लघवीवाटेही जीवनसत्त्व जाते आणि यकृताने हमाल कमी केलेले असतात. म्हणजे इथे खरी तूट आणि दिसणारी तूट दोन्ही एकत्र. कागदावरून त्या वेगळ्या काढता येणे शक्य नाही.

१९३२ साली लंडनच्या ग्रोव्ह रुग्णालयातले डॉक्टर एलिसन यांनी गोवराने आजारी अशा ६०० मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. ३०० मुलांना नेहमीच्या उपचाराबरोबर अ आणि ड जीवनसत्त्वांचे औषध दिले होते, ३०० मुलांना दिले नव्हते. औषध न दिलेल्यांत २६ मुले दगावली, दिलेल्यांत ११. एवढी ठसठशीत गोष्ट जगाने डोक्यावर घ्यायला हवी होती. पण थोड्याच वर्षांत सल्फाची औषधे आली, मग पेनिसिलिन आले आणि जीवनसत्त्वाचे काम कपाटात गेले. पन्नास वर्षे ते तिथेच राहिले.

ते पुन्हा बाहेर आले डोळ्यांच्या एका डॉक्टरमुळे. आल्फ्रेड सॉमर हे अमेरिकन डॉक्टर इंडोनेशियात, जावा बेटावर, रातांधळेपणाचा अभ्यास करीत होते. दर तीन महिन्यांनी खेड्यांतली हजारो मुले तपासायची, असा दीड वर्ष क्रम चालला. पुढे आकडे चाळताना त्यांच्या ध्यानात आले की, ज्यांना केवळ सौम्य रातांधळेपणा होता अशी मुले पुढच्या तपासणीला पुष्कळदा हजरच नसत. ती मेलेली असत. निरोगी डोळ्यांच्या मुलांच्या सरासरीने चौपट. १९८३ साली त्यांनी हे छापले तेव्हा पुष्कळांनी हसण्यावारी नेले. मग सुमात्रातल्या आचे प्रांतात ४५० खेड्यांत चाचणी झाली. सहा महिन्यांनी एकदा अ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा मिळालेल्या खेड्यांत बालमृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी. हे १९८६ साली जाहीर झाले.

आणि गोवराचा सोक्षमोक्ष लावला तो दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउन शहराने. हसी आणि क्लाइन या दोन डॉक्टरांनी १९९० साली आपला हिशेब मांडला. गोवर बळावल्यामुळे इस्पितळात आलेली १८९ मुले. तिथल्या मुलांत डोळ्यांवर दिसण्याइतकी अ जीवनसत्त्वाची तूट फारशी आढळत नसे, तरीही या आजारी मुलांतल्या शंभरांपैकी ब्याण्णवांच्या रक्तात ते कमी होते. आता पाहा, इथेच कोणी शहाणा म्हणाला असता की, हा दाहाचा देखावा आहे, सोडून द्या. त्यांनी सोडून दिले नाही, देऊन पाहिले. ९२ मुलांना चार लाख एककांची मात्रा, ९७ मुलांना बिनऔषधाची. एकूण बारा मुले दगावली. त्यांतली दहा बिनऔषधाच्या बाजूची. फुप्फुसाचा आजारही औषध मिळालेल्यांचा सरासरी सहा दिवसांत आटोक्यात आला, दुसऱ्यांना बारा दिवस लागले. चार लाख एकके ऐकायला प्रचंड वाटतात, पण त्याची किंमत चहाच्या कपाहून अधिक नाही.

आता हेच मोजमाप घेऊन आपण करोनाकडे येऊ.

२०२० साली जगभरच्या इस्पितळांतून बातमी आली की, अतिदक्षता विभागातल्या रोग्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी आहे, आणि ज्याचे जास्त कमी, त्याला मरणाचा धोका जास्त. बातमी खरी होती. पण तिच्यावरून जो निष्कर्ष बाजाराने काढला तो असा की, पुड्या खा म्हणजे वाचाल. आता आपला ताळेबंदाचा प्रश्न विचारा. ज्याचा दाह जास्त त्याचे ड जीवनसत्त्व जास्त उतरणार आणि तोच जास्त आजारी असणार. शिवाय ड जीवनसत्त्व मुळात कोणाचे कमी असते? म्हाताऱ्यांचे, लठ्ठ माणसांचे, मधुमेहींचे, आणि दिवसभर चार भिंतींआड राबणाऱ्यांचे. करोनाने नेले तेही हेच लोक. तेव्हा ड जीवनसत्त्वाच्या तुटीने त्यांना मारले, की ज्या जगण्याने ड जीवनसत्त्व कमी केले त्याच जगण्याने त्यांना मारले?

याही वेळी देऊन पाहणारे लोक निघाले, हे मानवजातीचे भाग्य. ब्राझीलमध्ये साव पावलो शहरात इस्पितळात दाखल झालेल्या २४० रोग्यांवर चाचणी झाली. निम्म्यांना ड जीवनसत्त्वाची दोन लाख एककांची एकच मात्रा. रक्तातली पातळी झकास वाढली. पण घरी जायला दोन्ही बाजूंच्या रोग्यांना सारखेच दिवस लागले, आणि मृत्यूंतही भरवसा ठेवावा असा फरक पडला नाही. २०२१ साली हे प्रसिद्ध झाले. कागदावरचा आकडा दुरुस्त झाला, माणूस नाही.

दुसरी चाचणी नॉर्वेची, आणि ती मला फार आवडते. तिथे कॉड माशाच्या यकृताचे तेल हिवाळ्यात चमचाभर पिण्याची पूर्वापार रीत आहे. त्या तेलात अ आणि ड ही दोन्ही जीवनसत्त्वे असतात, म्हणजे लंडनच्या एलिसन साहेबांची तीच जोडी. २०२०-२१च्या हिवाळ्यात चौतीस हजारांवर प्रौढ माणसांनी रोज पाच मिलिलिटर तेल घेतले, काहींच्या बाटलीत कॉडचे तेल, काहींच्या बाटलीत मक्याचे. सहा महिन्यांनी पाहिले तर करोना दोन्ही बाजूंना सारखा, इतर सर्दी-खोकलाही सारखा. त्याच दोन जीवनसत्त्वांनी लंडनच्या मुलांना मरणाच्या दारातून परत आणले आणि नॉर्वेच्या प्रौढांना काही दिले नाही. रोग निराळा, वय निराळे, हे खरेच. पण माझ्या मते मोठे कारण हे की, ज्यांची तपासणी झाली त्या नॉर्वेच्या लोकांपैकी बहुतेकांकडे ड जीवनसत्त्व आधीच पुरेसे होते. भरल्या गोदामात आणखी पोती टाकून काय होणार?

क जीवनसत्त्वाचे तर बोलूच नका. अमेरिकेत घरीच असलेल्या करोनाच्या रोग्यांना ते आणि जस्त मोठ्या मात्रेत देऊन पाहिले, फायदा दिसण्याची आशा न उरल्यामुळे चाचणी मध्येच थांबवावी लागली. जंतुदोष रक्तात भिनलेल्या अत्यवस्थ रोग्यांना ते शिरेतून दिले, त्या मोठ्या चाचणीत, २०२२ साली, क जीवनसत्त्व मिळालेल्यांची गत थोडी वाईटच निघाली. आणि आपल्याकडे त्या दोन वर्षांत ते चघळायला मिळेनासे झाले होते! हातावर पोट असणाऱ्या माणसाने पाव लिटर दूध कमी करून गोळ्यांची पट्टी आणली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

निःपक्षपातीपणासाठी दुसरी बाजूही सांगतो. २०१७ साली पंचवीस चाचण्या एकत्र करून असे मांडले गेले होते की, ड जीवनसत्त्व रोज थोडेथोडे घेणाऱ्यांना श्वसनाच्या संसर्गापासून थोडे रक्षण मिळते, विशेषतः ज्यांचे फारच कमी असेल त्यांना. २०२५ साली नंतरच्या चाचण्या त्यात मिळवल्या, तेव्हा तो फायदा खात्रीने सांगण्याइतका उरला नाही. गोवराच्या बाजूलाही असेच आहे. आपल्या उत्तर प्रदेशात दहा लाख बालकांत अ जीवनसत्त्वाच्या सहामाही मात्रेची चाचणी झाली, तिचा निकाल २०१३ साली आला. आचेमध्ये एक तृतीयांश घट, इथे जेमतेम चार टक्के, आणि तीही योगायोग नव्हे असे म्हणण्याजोगी नाही. पंडितांचा यावर वाद आहे. मात्र गोवर झालेल्या मुलाला लागोपाठ दोन दिवस अ जीवनसत्त्व द्यावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आजही कायम आहे.

मग करोनाच्या दाहावर चालले काय? डेक्सामेथासोन. १९५० नंतरच्या दशकातले, अत्यंत स्वस्त, कोणत्याही तालुक्याच्या औषधी दुकानात मिळणारे. इंग्लंडमध्ये सहा हजारांवर रोग्यांत चिठ्ठ्या टाकून ते तपासले आणि जून २०२० मध्ये निकाल जाहीर झाला. श्वसनयंत्रावरच्या रोग्यांत शंभरी एकेचाळीस मरत होते, ते एकोणतीसवर आले. प्राणवायू लागणाऱ्यांतही मृत्यू घटले. पण ज्यांना प्राणवायू लागत नव्हता त्यांना फायदा नाही, झाला तर अपायच. याचे कारण तुमच्या ध्यानात आले असेल. पहिल्या आठवड्यात दाह हा बंदोबस्त असतो, त्या वेळी शिपाई मागे घेतले तर विषाणूला रान मोकळे. दुसऱ्या आठवड्यात तोच बंदोबस्त अत्याचार होतो, तेव्हा त्याला आवरावे लागते. आपल्याकडे २०२१च्या लाटेत हे तारतम्य राहिले नाही. पहिल्याच दिवशी, घरच्या घरी, भरमसाट मात्रेत ते घेतले गेले. मधुमेह्यांची साखर चढली आणि काळ्या बुरशीने महाराष्ट्रात किती जणांचे डोळे आणि जबडे नेले, हे सांगायला नको.

एक शेवटचा आकडा सांगतो, कारण तो आमच्या भगिनींच्या उपयोगाचा आहे. तपासणीच्या कागदावर फेरिटिन म्हणून एक नोंद असते. ती शरीरातल्या लोहाच्या साठ्याची खूण. दाहात ड जीवनसत्त्व खोटे कमी दिसते, तर फेरिटिन खोटे जास्त दिसते. पांडुरोगी बाई तापाने आजारी असताना तपासली तर कागद म्हणतो, हिच्याकडे लोह भरपूर. प्रत्यक्षात ती रिती असते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की, निरोगी प्रौढात पंधराच्या खाली फेरिटिन गेले तर लोह कमी समजा, पण संसर्ग किंवा दाह असताना सत्तरच्या खाली गेले तरी कमी समजा. तेव्हा डॉक्टरांना विचारायला लाजू नका की, ही तपासणी तापात झाली आहे, बरे झाल्यावर पुन्हा करायची का? पावतीवर सही करण्यापूर्वी ती वाचायची सवय आपण कामगारांना लावतो. ही त्याच जातीची सवय आहे.

आणि कोणी असेही घरी घेऊन जाऊ नये की, मी ड जीवनसत्त्वाच्या विरुद्ध बोललो. बंद खात्यात बारा तास काढणाऱ्याच्या हाडांना त्याची गरज आहे आणि ती खरी गरज आहे. त्याच्यासाठी आम्ही दुपारी अर्धा तास उन्हात बसायची सुट्टी मागतो आणि मागत राहू. आमचा झगडा आहे तो पाकीट देऊन खिडकी बंद ठेवण्याशी.

असाच व्यवहार दुसरीकडेही पाहिला. २०२५ साली अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात गोवराची साथ आली. लस नको म्हणणाऱ्या काही आईबापांनी मुलांना अ जीवनसत्त्व मनाला येईल तितके पाजले. इस्पितळात आलेल्या काही मुलांच्या यकृतावर त्याचा परिणाम दिसला. हे जीवनसत्त्व यकृतात साठते, लघवीवाटे निघून जात नाही, म्हणून मात्रा डॉक्टरच्या हाती हवी. आणि ते गोवर झाल्यावरचे औषध आहे, गोवर न होण्याचे नव्हे.

आपल्याकडे २०२२च्या पावसाळ्याअखेर मुंबईत गोवंडीच्या वस्तीत गोवर भडकला. करोनाच्या दोन वर्षांत पुष्कळ मुलांची लस राहून गेली होती. एका खोलीत आठदहा माणसे, आई कामावर, बाप कामावर, लसीकरणाच्या दिवशी मुलाला घेऊन जाणार कोण? रोजंदारीवरच्या बाईचा एक खाडा म्हणजे एका दिवसाची चूल. मुले दगावली. महापालिकेने घरोघर फिरून लस टोचली, आजारी मुलांना अ जीवनसत्त्व दिले. ते काम करणाऱ्या आरोग्यसेविका आणि आशाताई स्वतः तुटपुंज्या मानधनावर राबत होत्या, हेही नोंदवून ठेवतो.

तेव्हा ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांनी लिहून घ्या. गोवराच्या लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. अ जीवनसत्त्वाची पहिली मात्रा पहिल्या लसीबरोबर एक लाख एकके, पुढे दुसऱ्या लसीपासून दर सहा महिन्यांनी दोन लाख, मूल पाच वर्षांचे होईपर्यंत अशा एकूण नऊ. सरकारी दवाखान्यात आणि अंगणवाडीत हे फुकट मिळते आणि कार्डावर तारीख पडते. आमच्या संघटनेने यंदा मागणीपत्रात एक नवे कलम घातले आहे, लसीकरणाच्या दिवशी आईला किंवा बापाला अर्ध्या दिवसाची पगारी सुट्टी. वाटाघाटी पुढच्या महिन्यात आहेत. अध्यक्षांनी घंटेवर हात ठेवलेला मला दिसतो आहे, तेव्हा इथे थांबतो. कोणाला काही विचारायचे असेल तर अवश्य विचारावे.